मुठीतला बोळा

ऑनलाइन मुलाखत तोंडावर आली आणि प्राचीचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. तव्यासारख्या तापलेल्या डब्यावर अनंतराव सुपानं वारा घालत होते. पोरीची नोकरी त्यावरच टांगलेली आहे, एवढंच त्यांना कळत होतं. “काऊन तापून राह्यला व?” प्राचीनं झाकण उघडलं, प्रोसेसरवरचा पंखा सोडवला आणि खालच्या पत्र्यांत अडकलेला काळपट बोळा त्यांच्या हातावर ठेवला. “बाबा, तुमचा कापूस.” भाव चढल्याशिवाय विकणार नाही म्हणून दिवाळीपासून त्यांनीच तो याच खोलीत आढ्यापर्यंत भरला होता, खिडकीसुद्धा बुजली होती. पंखा पुन्हा घुमला, पडद्यावर साहेब बोलू लागले. पण टिकणार किती वेळ? अनंतराव पाय न वाजवता ओसरीवर आले. मुठीतला बोळा न सोडता त्यांनी काल परत पाठवलेल्या शेगावच्या व्यापाऱ्याला फोन लावला, “गाडी पाठवा आजच. भाव असीन तो असीन.”