पत्र्याची चकती

सातिवलीच्या गोदामात सदानंदशेठ मंदाने लाटलेला प्रत्येक पापड पत्र्याच्या चकतीवर ठेवून बघायचा. कडेने चकती दिसली की पापड नापास. मजुरीतून पिठाचे पैसे कापायचा, पापडही ठेवून घ्यायचा आणि बाजारात विकायचा. दहा वर्षांनी मंदाने बायका जमवून बचत गट काढला, बँकेचं कर्ज घेतलं, स्वतःचा पापडधंदा थाटला. शेठचा मात्र बसला. आज तोच बायकोने गटातून नेलेल्या पिठाचे पापड घेऊन दारात उभा होता. "हिचा हात दुखतोय, मीच लाटलेत, मंदाताई." मंदाने त्याला बसायला सांगितलं नाही. तसलीच चकती काढून एकेक पापड सावकाश तपासला. अकरा नापास. "एवढं तेवढं चालतं हो." "तुमच्याकडे कुठं चालायचं, शेठ?" तिने पिठाचे पैसे कापून ते अकरा त्याच्या हातावर ठेवले. "घरी न्या. नापास माल आम्ही ठेवून घेत नाही."