पिंजरेवाले सर

शोकसभेत हशा पिकला.

"सरांनी जन्मभर इमारती बांधल्या की पिंजरे, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही," असं भागीदार व्यासपीठावरून म्हणाला होता. तो आर्किटेक्ट सरांचा एकेकाळचा विद्यार्थी. मूलबाळ नसलेल्या सरांचा मुलगाच, असं स्वतःला म्हणवून घेणारा.

लोकांना किस्से हवेच होते. ग्रंथालय असो की दवाखाना, सरांच्या गॅलरीचा कठडा छातीपर्यंत यायचा. वर आणखी गज. बक्षिसं देणारे नाक मुरडायचे, गिऱ्हाइकं डोकं धरून बसायची. "तुरुंग वाटतोय हो!" असं कुणी म्हटलं, की सर म्हणायचे, "वाटू दे." या हट्टापायी मोठमोठी कामं हातची गेली. 'पिंजरेवाले' हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. ती हसली नाही. नवरा जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"पण एक घर सरांनी वेगळं बांधलं होतं. पहिलं, स्वतःचं." भागीदाराचा आवाज हळवा झाला. मागच्या पडद्यावर ऑफिसच्या माळ्यावर सापडलेला फोटो आला. पांढरं दुमजली घर, वर लांबलचक गॅलरी आणि तिला कमरेच्या खालीच राहणारा नाजूक कठडा. घर खरोखरच देखणं होतं. "वर्षाच्या आत विकून टाकलं! का, ते कधी बोलले नाहीत. कलावंताचं समाधान होत नाही, दुसरं काय!"

मग त्याने टेबलावरचं फडकं काढलं. खाली पुठ्ठ्याची तिमजली शाळा होती. लहान मुलांची, सरांच्या नावाची. पुढच्या आठवड्यात काम सुरू होणार होतं.

"कठडा हुबेहूब त्या घरातला घेतलाय. सरांना याहून मोठी आदरांजली कुठली? काकू, दोन शब्द बोला ना."

ती उठली. माइककडे गेलीच नाही. पुठ्ठ्याच्या शाळेपाशी थांबली आणि वरच्या गॅलरीवरून बोट फिरवलं.

"केवढा ठेवलायस रे हा?"

"अडीच फूट, काकू. अगदी सरांच्याच मापाने."

"वाढव," ती म्हणाली. "आमचा मुलगा तीन फुटांचा होता."