धूळपाटीवरचं घर

कापसाचा भाव चढला त्या साली मोजणीवाल्यांना गावाचा नकाशा मीच काढून दिला. खुशालराव पाटलांना कापसाची पऱ्हाटी पेरायला जागा हवी होती, म्हणून नदीकाठचं मैनाबाईचं घर मी त्यात दाखवलंच नाही. नकाशात नाही म्हणून ते पाडलं.

"तू मले पुसलं, मास्तर. मी बी तुले पुसीन," म्हातारी म्हणाली आणि आठवड्यात मेली.

मेली तर मेली! मी शाळेत पोरांना धूळपाटीवर गावाचा नकाशा काढायला शिकवू लागलो.

पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पाटीवर नदीकाठी एक घर जास्तीचं निघालं. मी दरडावून ते पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते देवळापाशी आलं होतं. काल शाळेच्या भिंतीला टेकलं, तेव्हा मी एकेकाला छडीनं फोडून काढलं.

आज शाळेच्या जागीच ते घर होतं.

"काहून रे दौलत्या, शाळा कुठं गेली?" मी ओरडलो.

पोरगं जराही भ्यालं नाही. माझ्या तोंडाकडे बघून ते मायेनं हसलं.

"कोनती शाळा? हे तं तुमचंच घर हाय ना, मैनाआजी?"