तिसरी कंपनी

तिसऱ्या कंपनीचीही लाइन आपल्या गल्लीत नाही, हे अंकुशनं पुण्याहून फोन करून कळवलं, तेव्हा त्याचे वडील रुपराव गच्चीवर उभे होते आणि त्याच कंपनीची काळी वायर त्यांच्या डोक्यावरून हातभर उंचीनं शेजारच्या घरात शिरत होती.

"मंग हे काय आहे गा?" रुपराव वायरीकडे पाहत म्हणाले.

"काय, बाबा?"

"काही नाही. ठेव."

रुपराव तीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्रात होते. कंट्रोल रूममधला कोणता दिवा का लागला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. पण गेल्या दोन महिन्यांत ब्रॉडबँडनं त्यांच्या डोक्याचा पार भुगा केला होता. एक कंपनी म्हणे शंभर एमबीपीएस, दुसरी म्हणे दोनशे, तिसरी वर सिनेमे फुकट देत होती. राउटरचा डबा कोणाचा आपल्या मालकीचा, कोणाचा परत करायचा. त्यांनी वहीत रकाने आखले, तर गुंता आणखीच वाढला. आणि एवढं करून एकीचीही लाइन गल्लीत नाही. गल्लीतली बारा घरं मात्र त्याच कंपन्यांच्या नेटवर मजेत होती.

नुसती हौस असती तर त्यांनी केव्हाच नाद सोडला असता. पण दिवाळीत अंकुश म्हणाला होता, "बाबा, मी तं उद्या येतो राहायले. काम घरूनच करता येते. पण इथं नेट कुठं आहे?" तो पुण्याला परतला त्याच आठवड्यात सिंधूताईंनी मागच्या खोलीतली तांदळाची कोठी हलवली, खिडकीशी टेबल लावलं आणि त्यावर कव्हर घातलं. दर दोन दिवसांनी त्या ते कव्हर धुवायच्या. टेबलाला अजून कोणाचा हात लागला नव्हता.

तिन्ही अर्ज रुपरावांनी स्वतः भरले होते. मोबाइल नंबर अर्थातच अंकुशचा. गॅस, बँक, विजेचं बिल, त्यांचं सगळंच अंकुशच्या नंबरवर होतं. रुपरावांचा फोन बटणांचा, आणि ओटीपी त्यांना कधी धड वाचता आला नाही. ते काम पोरगा पुण्यात बसून करायचा. लांब असला तरी घर त्याच्याच हातात आहे, असं रुपराव कौतुकानं चारचौघांत सांगत.

"भैय्याजीच लागू देत नसंन," कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर आलेल्या सिंधूताई म्हणाल्या. भैय्याजी म्हणजे गल्लीचा केबलवाला. वीस वर्षं टीव्हीची केबल त्याचीच, आणि आता तिन्ही कंपन्यांची कनेक्शनंही तोच जोडून द्यायचा.

"तो काहून लागू देणार नाही? त्याले कमिशन भेटते."

"मले काय माहीत? मी आपली म्हणून राहिली." त्यांनी टेबलाचं कव्हर झटकून दोरीवर टाकलं. "पण तुम्ही जाऊ नका त्याच्याशी भांडायले."

जाऊ नका म्हटल्यावर रुपराव वही घेऊन, चपला घालून निघाले.

मानकापूरच्या चौकात भैय्याजी आपल्या दुकानात सुपारी-तंबाखूचा खर्रा पन्नीत घोटत बसला होता. रुपरावांनी वाटेत चांगली चार वाक्यं जुळवून आणली होती.

"भैय्याजी, माह्याच घरी लाइन काहून येत नाही?"

भैय्याजीचा हात थांबला. "मीच येऊ देत नाही," तो म्हणाला.

भांडण सुरू व्हायच्या आतच संपलं. जुळवलेली वाक्यं रुपरावांच्या तोंडातच राहिली.

"पण काहून?"

"असंच. मीच नाही म्हणतो. वाटल्यास वहिनीले जाऊन सांगा."

रुपरावांना काही उमजेना. ना कधी भांडण, ना वैर. वर हा माणूस गुन्हा कबूल करतोय आणि नजर मात्र खाली. धड रागही येईना.

कॉम्प्युटरपुढे मेघा बसली होती, कालच कामाला लागलेली. "काका, अर्जाचा नंबर द्या, मी पाहते," ती म्हणाली.

"राहू दे वं, मेघा," भैय्याजी घाईनं म्हणाला.

पण रुपरावांनी वहीतली पावती तिच्यापुढे धरली होती. मेघानं आकडे टाकले.

"ह्याले तं मंजुरी होती, काका. ह्याच्या आधीच्या दोघांले बी. माणूस वायर घेऊन निघाला होता. तिन्ही वेळा तिकडूनच रद्द केलं, ओटीपी टाकून."

"कोणी?"

"अर्जावर जो नंबर आहे त्यानं." तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

तो नंबर रुपरावांना स्वतःच्या नंबरापेक्षा जास्त पाठ होता. त्यांनी शेवटून पहिल्यापर्यंत एकेक आकडा पुन्हा पाहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी नीट समजलं होतं आणि ते समजायला नको होतं. आपल्याला किती वाईट वाटतंय, हे या दोघांपुढे दिसू नये म्हणून ते पावतीची घडी घालत बसले.

भैय्याजीनं स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं. रुपराव पाणी प्यायले.

"भैय्याजी," ते पेला खाली ठेवत म्हणाले, "हे सिंधूच्या कानावर जाऊ देऊ नका. ती आजच कव्हर धुऊन राहिली. मी घरी सांगतो, तुम्हीच लाइन देत नाही म्हणून. चालन का?"

भैय्याजी खर्ऱ्याची पन्नी बोटात फिरवत राहिला.

"चालन," तो म्हणाला. "मंगळवारी वहिनी आल्या होत्या. त्या बी हेच म्हणून गेल्या, तुमच्या कानावर जाऊ देऊ नका."