जाहिरातीतला मुलगा

“त्यांची कवळी काढा,” जाहिरातवाला म्हणाला. “दात असले की माणूस खाऊनपिऊन सुखी दिसतो.”

गादीवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने नजर खिडकीबाहेर नेली. पलंगावर त्याचे वडील उशीला टेकून बसले होते. डावं अंग लुळं पडलेलं, जीभ जड झालेली, पण कान शाबूत. त्यांनी स्वतःच आ केला. गादीवाल्याने दोन बोटं आत घालून कवळी ओढली. ती कोमट आणि बुळबुळीत लागली. हात कशाला पुसावा ते न कळून त्याने तो विजारीलाच पुसला.

“वा, आजोबा! आता कसे पडद्यावर शोभाल.”

दुकान वडिलांनीच उभं केलेलं होतं. समोर मोठं शोरूम झालं आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागलं. गादीवाल्याने पत्रकं वाटली. टेम्पोवर भोंगा लावून गल्लीबोळ पालथे घातले. गादीवर उशी फुकट दिली, मग उशीवर अभ्राही फुकट दिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मेहुण्याने हा माणूस पाठवला. आल्या आल्या त्याने पत्रकाची घडी करून कान कोरला होता.

“कागदाने लोक काचा पुसतात, शेठ. गादी बघून गादी कोणी घेत नाही. डोळ्यांत पाणी आलं की घेतात. घरात म्हातारं माणूस आहे का?” घरात कात्री आहे का, असं विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

आता तो खोलीभर घरच्यासारखा वावरत होता. औषधाच्या बाटल्या त्याने पुढे मांडल्या. पलंगाखालचं भांडं पायाने ओढून बाहेर काढलं, कॅमेऱ्यातून बघितलं, नाक मुरडलं आणि पायानेच परत आत ढकललं. खोलीत मलमाचा वास नेहमीचाच होता. त्यात आता याच्या अत्तराचा वास मिसळला.

“आता भरवा.”

गादीवाल्याने सूपचा चमचा वडिलांच्या ओठांना लावला. सूप हनुवटीवरून गळ्यात उतरलं.

“अहो, त्या बाजूने नको,” बायको दारातून म्हणाली. “तिकडचं त्यांना कळत नाही.”

“सांडू दे, सांडू दे, झकास येतंय,” जाहिरातवाला म्हणाला. “आता तोंड पुसा. सावकाश. भांडी पुसताय का? हां. आता त्यांचा हात हातात घ्या आणि नुसते बसा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

गादीवाला हात धरून बसला. जाहिरातवाल्याने दिवा इकडून तिकडे नेला, पडदा ओढला, परत उघडला, मध्येच फोनवर कोणाशी तरी खिदळला. वडील मुलाकडे एकटक बघत होते. गादीवाल्याला ती नजर सोसवेना. आपण बापाला बाजारात बसवलंय, आणि त्या बिचाऱ्याला ते कळतही नाही, असं त्याच्या मनात आलं. तो भिंतीकडे बघत राहिला. हात मात्र सोडला नाही, कारण सोडा असं कोणी म्हटलं नव्हतं.

“आता शेवटचं,” जाहिरातवाला म्हणाला. “पाठीला जखम झालीय म्हणालात ना, पडून पडून? कुशीवर वळवा. तुम्ही एकच वाक्य बोलायचं. ‘आमच्या गादीने बाबांची जखम भरली.’”

“ती आमच्याच गादीवर झालीय,” बायको म्हणाली.

“मग काय झालं? ते गादी सांगणार आहे का लोकांना?”

तो स्वतःच पुढे झाला. त्याने म्हाताऱ्याचा सदरा वर सारला, पट्टीची कड नखाने उचकटली आणि वाकून बघितलं.

“हात्तिच्या, सुकत आलीय की. जरा ओली असती तर मजा आली असती.”

गादीवाला उठला.

“चालायला लाग.”

“शेठ, आत्ता नका तापू. हा राग आपण दुकानाच्या सीनला वापरू.”

गादीवाल्याने त्याची कॉलर धरली. स्टँड कोसळला, दिवा फुटला. अत्तराचा तो वास त्याने दारापर्यंत फरफटत नेला आणि बाहेर लोटला. “आधी तुझ्या बापाची पाठ उघडी करून दाखव जगाला,” तो ओरडला, “मग माझ्या दारात ये!” आणि त्याने दार लावून घेतलं.

त्याने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. चूळ भरली. बऱ्याच दिवसांनी त्याला स्वच्छ वाटलं. आत येऊन त्याने वडिलांचा सदरा सारखा केला, धुतलेली कवळी त्यांच्या तोंडात बसवली.

“बाबा, दुकानाला कुलूप लागलं तरी बेहत्तर. तुमचा तमाशा मी मांडणार नाही.”

बायको काचा गोळा करत होती. गादीवाल्याने किल्ल्या उचलल्या, चपला पायात सरकवल्या आणि रोजच्यासारखं दारातूनच म्हणाला, “येतो, बाबा.”

म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द यायला वेळ लागला.

“त्याला... परत बोलव.”

“कोणाला? त्या हलकटाला?” गादीवाला थबकला. “अहो, लाज काढली त्याने तुमची!”

“काढू दे,” म्हातारा म्हणाला. “तो सांगतो तेव्हा तू बसतोस तरी.”