झेल्याचा डोळा

"आवो, ती बादली काढू नका त्याच्या गळ्यातली," चंद्राबाई नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टरनी काय सांगितलंय? उडी नाय, हाड नाय, डोळ्याला पंजा नाय."

दामूशेठनं ऐकलं नाही. हायवेवर चौक गावाला ढाबा टाकल्यापासून त्यानं बायकोचं कधी ऐकलं होतं म्हणा. पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून घातलेली ती तळ कापलेली प्लास्टिकची बादली त्यानं सोडवली आणि कोपऱ्यात भिरकावली. मुंबईहून मोतीबिंदू काढून कुत्र्याला आणलं त्याला आठवडाही झाला नव्हता. एक डोळा आधीच गेलेला. हा वाचला तर वाचला.

फेकलेलं हाड हवेतच झेलायचा म्हणून ट्रकवाल्यांनी त्याचं नाव झेल्या ठेवलं होतं. ऑपरेशनची वर्गणीही त्यांचीच. त्यामुळं आता येईल तो बाजेवर टेकायच्या आधीच विचारायचा, "झेल्या कुठंय? बघू तरी." चंद्राबाईनं कुत्र्याला मागच्या खोलीत ठेवलं होतं. भट्टीचा धूर जाऊ नये म्हणून दाराला ओलं पोतं लावलं होतं. डोळ्यात थेंब तीच घालायची. कुत्रं नुसतं भुंकलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा.

"लोकांनी पैसे दिलेत," दामूशेठ म्हणाला. "कोंडून ठिवून कसं चालंल? मला तोंड दाखवायचं हाय त्यांना."

तो कुत्र्याला बाहेर घेऊन आला. जेवणं चालली होती. दात कोरत, बोटं चाटत सगळे कुत्र्याभोवती जमले. एकानं तर रश्श्याच्या बोटानंच पापणी खाली ओढून पाहिली आणि वर कांद्याच्या तोंडानं फुंकर घातली. चंद्राबाईनं बोटावरचा तो तवंग पाहिला. कुत्र्याची नाही, या माणसांची किळस आली तिला.

"लांब व्हा," ती म्हणाली. कोणी हललं नाही.

दामूशेठनं कुणाच्या तरी ताटातलं चघळलेलं हाड उचललं आणि उंच फेकलं. झेल्यानं उडी मारली. झेललं. शिट्ट्या वाजल्या.

"पैसे वसूल," कोणीतरी म्हणालं.

खाली येताच झेल्यानं हाड टाकलं आणि डोळा खडीवर घासायला लागला. चंद्राबाईनं धावत जाऊन त्याचा पंजा धरला. डोळ्यातून रक्ताचं पाणी नाकापर्यंत ओघळलं होतं.

"टाका तुटला. आत नेऊ द्या मला."

"गप गं. आत्ताच पुण्याची गाडी लागलीय. त्यातल्या वर्गणीवाल्यांनी पाह्यलं नाय अजून."

त्यानं तिला बाजूला सारलं आणि दुसरं हाड फेकलं. ते नाकावर आपटून पडलं. तिसरं पाठीमागं पडलं. शिट्ट्या थांबल्या. एक जण उठून हात धुवायला गेला. बाकीच्यांनी भाकरी मोडायला घेतली. तोंडं मात्र चालूच होती मेल्यांची.

"बास करा शेठ," शेवटी एक ड्रायव्हर पुटपुटला. "त्याला दिसत नाय."

"दिसत कसं नाय?" दामूशेठनं पुढचं हाड हातात घेतलं. "बघ की, टाकायच्या आधीच तोंड उघडतंय."

झेल्या शेपूट हलवत, भलतीकडंच तोंड वासून उभा होता. समोर नुसता रस्ता होता.