गुरुजींच्या नावाला विरोध

या मायबापहो, असं खांबाला टेकून लांब बसू नका, थोडं पुढं सरका. एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, माणसांचीच आहे. पण घडली देवळात, म्हणून देवानंही ऐकलेली आहे.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरली होती. झेंडावंदन झालं, चिवडा वाटून झाला, आणि तंटामुक्त समितीच्या अध्यक्षाचा विषय निघाला. गावातलं भांडण कोर्टात जायच्या आधी ज्याच्यापुढं येतं, तो हा माणूस. पंचायतीत सरपंच टिकाराम यांच्या बाजूचे सहा, किसनरावांच्या बाजूचे तीन.

"आमच्याकून नाव हिरालाल गुरुजीचं," टिकाराम म्हणाले. "पण गुरुजीची अट हाय. हात मोजून भेटलेली खुर्ची त्यायले नको. दोनी बाजूचा होकार असंल तरच बसतो म्हणते. नाई तर मतदान घेऊ, अन् मंग आमच्याकून नाव गुलाबचं."

सगळ्या माना किसनरावांकडे वळल्या.

किसनरावांना गुरुजी ठाऊक होते. प्रचारात सरपंचांच्या मंचावर बसलेला माणूस, हे खरं. पण याच माणसानं मागं स्वतःच्या पुतण्याला चौकात उभं करून शेजाऱ्याची माफी मागायला लावली होती. आपल्या तिघांत असा एकही नाही, हेही किसनराव जाणून होते.

"बोला, किसनभाऊ," टिकाराम हसले. "का नागपूरहून नेत्याचा फोन यावा लागते?"

मंडप हसला. किसनरावांचे कान तापले. शेजारी बसलेला, त्यांच्याच तिघांतला दुर्गेश कानाशी लागला, "काका, हो म्हटलं तर पुढच्या निवडणुकीत लोकायले सांगाचं काय? आपण मान डोलवायले निवडून आलो का?"

बायकांच्या रांगेतून अनुसयाबाई उठल्या. त्यांच्या दोन एकराकडे जाणारी वाट गुलाबच्या साळ्यानं काट्या टाकून बंद केली होती. जूनपासून त्या नाल्यातून फेरा घालून खताची पोती डोक्यावर नेत होत्या. त्यांचा अर्ज याच समितीपुढं पडून होता. बाई किसनरावांच्याच गटाच्या, कधी मत न चुकवलेल्या.

"भाऊ, गुरुजी चालते ना आपल्याले," त्या म्हणाल्या. विचारल्यासारखं आणि मागितल्यासारखंही.

"वहिनी, बसा तुमी. हे तत्त्वाचं हाय."

आणि टीव्हीवर वर्षानुवर्षं ऐकलेला, पण या गावात आजवर कोणी न उच्चारलेला शब्द किसनरावांनी उच्चारला, "आमचा विरोध हाय. आमी सभात्याग करतो."

हिरालाल गुरुजी उठले. रागावलेले दिसले नाहीत, उलट जरा मोकळेच झाल्यासारखे दिसले.

"मंग माहं नाव कापा, मॅडम."

ग्रामसेवक समीक्षा मॅडमनी पेन वहीवर टेकवलं आणि वर पाहिलं. "कापू?"

प्रश्न गुरुजींना होता, पण नजर किसनरावांकडे होती. दोन श्वासांचा वेळ असेल. 'थांबा' हा शब्द किसनरावांच्या ओठापर्यंत आला. तेवढ्यात दुर्गेश चपला शोधत पायऱ्यांवर पोचला होता, त्याच्यामागं बाकीचे. आता एकट्यानं मागं बसणं बरं दिसलं नसतं. किसनराव बाहेर पडले.

मागं हात वर झाले, टाळ्या पडल्या, गुलाबच्या नावाचा गजर झाला.

बाहेर लिंबाखाली दुर्गेशनं सगळ्यांना उभं केलं. "काका, मधात या. फोटो टाकतो ग्रुपवर." अनुसयाबाईही बाहेर आल्या होत्या. किसनराव उठले म्हणून त्या उठल्या, एवढंच. फोटोतही त्या आल्या, एका कडेला, पदर सावरताना.

फोटो झाल्यावर त्या जवळ आल्या.

"भाऊ, माह्या अर्जाची दुसरी कॉपी नाई. आत जाऊन मांगू का वापस, का राहू देऊ गुलाबभाऊजवळ?"

आवाजात टोमणा नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. एखादी शिवी दिली असती, तर किसनरावांना काहीतरी बोलता आलं असतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "पाहू आपण."

"पाहा, भाऊ," म्हणून अनुसयाबाईंनी मान हलवली आणि त्या शेताकडे निघाल्या. फोनवर तोवर फोटोला चार अंगठे आले होते. किसनराव ते बघत उभे राहिले, कारण वर बघितलं असतं तर त्या नाल्याकडे वळताना दिसल्या असत्या.

ग्रामसभेला त्या अजूनही किसनरावांच्याच बाजूनं बसतात. देवापुढं हात जोडाल तेव्हा मायबापहो, आपलं मागून झालं की अनुसयाबाईंच्या वाटेचीही आठवण ठेवा.